न धडकलेली वादळं : २०१९ सालचा उत्तर हिंदी महासागर

रापणकर

गेल्या आठवड्यात गावी गेलो होतो. माळ्यावर जुनी कागदपत्रं चाळताना एक वही सापडली. बाबा तीत शेतीचा आणि घरखर्चाचा हिशेब लिहितात. २०१९ च्या पानावर त्यांच्या अक्षरात एवढंच आहे : "२५ ऑक्टो. भात भिजलां. २८ ऑक्टो. कोंब इले." बाकी पान कोरं. तेव्हापासून त्या वर्षाबद्दल लिहायचं डोक्यात होतं.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. कोकणातल्या वादळांचा विषय निघाला की लोकांना निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) आठवतात. आठवावीतच. निसर्गने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागातल्या वाड्या आडव्या केल्या, तौक्तेने आमच्याकडच्या आंब्याची वाट लावली. पण २०१९ कुणाच्याच बोलण्यात येत नाही, कारण त्या वर्षी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एकही चक्रीवादळ धडकलं नाही. नोंद असते ती धडकण्याची. कुठे, किती वाजता, वाऱ्याचा वेग किती. जे वादळ दोनशे किलोमीटरवर समुद्रात उभं राहून तीन दिवस पाऊस ओततं आणि निघून जातं, त्याचं नाव गावातसुद्धा टिकत नाही. माझ्या चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "ता खयचा वादळ? तो अवकाळी पावस होतो."

तो अवकाळी पाऊस म्हणजे क्यार.

आधी वर्षाचा आकडा सांगतो. २०१९ मध्ये बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून आठ चक्रीवादळं झाली : पाबुक, फनी, वायू, हिका, क्यार, महा, बुलबुल, पवन. त्यातली तीन उपसागरात, पाच अरबी समुद्रात. अरबी समुद्रात सरासरीने वर्षाला एखादंच होतं. एका वर्षात पाच होण्याची याआधीची नोंद १९०२ सालची आहे. आठांपैकी सहा 'अतितीव्र' किंवा त्याच्या वरच्या पायरीवर गेली. क्यार तर महाचक्रीवादळ झालं, ताशी २२२ किलोमीटरच्या वर. अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतर हे पहिलंच.

आता आमच्या गावची गोष्ट. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेत नव्हता. तेव्हाच्या ठरलेल्या तारखांप्रमाणे राजस्थानातून मान्सूनची माघार १ सप्टेंबरला सुरू व्हायची, ती ९ ऑक्टोबरला सुरू झाली. मग मात्र भराभर उरकली आणि १६ ऑक्टोबरला मान्सून देशातून गेल्याचं जाहीर झालं. बाबांनी ते रेडिओवर ऐकलं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कधीचं कापायला झालेलं, त्याच्या मागून येणारं निमगरवंही पिवळं पडलेलं. दोन दिवस ऊन पडलं तशी सगळ्या वाडीने कापणी धरली. मजूर मिळत नाहीत, म्हणून एकमेकांच्या शेतात जायचं. २२ तारखेपर्यंत आमचं निम्म्याहून जास्त भात कापून कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, पसरलेलं होतं. आमच्याकडे कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच वाळवतात, मग भारे बांधून खळ्यावर आणतात आणि झोडतात. ते वाळायचे दोन-तीन दिवस मिळालेच नाहीत.

२४ तारखेला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं. २५ ला त्याला क्यार हे नाव मिळालं, तेव्हा ते रत्नागिरीच्या पश्चिमेला जेमतेम दोनशे किलोमीटरवर होतं. सुरुवातीला ते हळूहळू आमच्याच दिशेने सरकत होतं, मग वळून ओमानच्या वाटेला लागलं. त्या दोन दिवसांत वारा सारखा दक्षिणेचा. वादळ पश्चिमेला असलं की किनाऱ्यावर दक्षिणेचा वारा लागतो, हे आमच्याकडच्या तांडेलांना, होडी हाकणाऱ्या म्होरक्यांना, नकाशा न बघता कळतं. देवगड बंदर होड्यांनी भरून गेलं. आपल्या तर होत्याच, गुजरातच्या आणि कर्नाटकच्याही आल्या. वादळात हे बंदर सगळ्यांना पोटात घेतं. बंदरावर बावटा चढलेला, समुद्र रात्रभर गाजत होता, आणि आई म्हणत होती, "दिवाळी इली तरी पावस जाणा नाय."

२७ तारखेला लक्ष्मीपूजन. त्याच दिवशी क्यार महाचक्रीवादळ झालं, मुंबईपासून पाचशेहून जास्त किलोमीटर लांब. तिकडे वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर, इकडे आमच्याकडे पाऊस ओसरलेला. टीव्हीवर निवेदक म्हणाला, महाराष्ट्रावरचं संकट टळलं. बाबा तेव्हा कुणग्यात होते. कापून ठेवलेल्या भाताचे सरवे पाण्यावर तरंगत होते. दुसऱ्या दिवशी लोंब्यांना पांढरे कोंब दिसायला लागले.

मला या धाग्यात त्या वर्षाची सगळी वादळं एकत्र बघायची आहेत. इथे ओडिशात, आखातात, गुजरातेत राहिलेले लोक आहेत, घाटावरचे शेतकरी आहेत. ज्याला जे आठवतं ते लिहा. माझं म्हणणं एवढंच आहे की वादळ धडकलं की नाही हा प्रश्न अपुरा आहे, आणि २०१९ इतकं ते दुसऱ्या कुठल्याच वर्षी स्पष्ट दिसत नाही.

गोंयकार

चांगला विषय. आमच्याकडेही तीच गत झाली, कापलेलं भात शेतातच राहिलं. शॅकवाल्यांचा हंगाम नुकता सुरू होत होता, किनाऱ्यावर पाणी आत आलं. पण खरं नुकसान सासष्टी, बार्देश, पेडण्यातल्या शेतांचं, आणि त्याची बातमी झाली नाही.

उत्कलवासी

मी तेव्हा नोकरीनिमित्त भुवनेश्वरला होतो, म्हणून फनीबद्दल लिहितो. रापणकर, तुमचं म्हणणं पटतं, पण धडकणारं वादळ काय असतं तेही या धाग्यात यायला हवं.

फनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विषुववृत्ताच्या अगदी जवळ, सुमात्राच्या पश्चिमेला जन्मलं. एप्रिलमध्ये इतकं जोरदार वादळ क्वचित होतं. आठवडाभर ते समुद्रावरच होतं, सुमारे तीन हजार किलोमीटर चालून ३ मेच्या सकाळी पुरीजवळ जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी १७५ ते १८५, झोत २०५ पर्यंत. मी पुरीपासून साठेक किलोमीटर आत होतो आणि तरीही तो आवाज अजून कानात आहे. वाऱ्याचा आवाज आपण समजतो तसा नसतो. एक जड काहीतरी सतत भिंतीला घासत जावं तसा असतो, आणि तो तासन्‌तास थांबत नाही. समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी उडून रस्त्यात पडली. पाऊस आडवा, खिडकीच्या फटीतून पाणी थेट पलंगावर. दुपारी बाहेर पडलो तर आमच्या गल्लीत एक झाड उभं नव्हतं.

आमचे घरमालक जगतसिंहपूर जिल्ह्यातले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात त्यांच्या नात्यातली माणसं गेली होती. त्या वादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं मेली, एरसमा भागात समुद्रच गावांवरून गेला. फनीच्या आदल्या रात्री ते आम्हाला म्हणाले, "तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. या वेळी चार दिवसांपासून सांगतायत." आणि खरंच सांगत होते. मोबाइलवर संदेश, गावोगाव भोंगे, किनाऱ्यावर निवारा केंद्रं. दोन दिवसांत सुमारे १२ लाख माणसं हलवली. ओडिशात ६४ जण गेले. त्या ६४ घरांचं दुःख आहेच, पण दहा हजार कुठे आणि ६४ कुठे. हा बदल वीस वर्षांत त्या राज्याने घडवून आणला. १९९९ नंतर राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभं केलं, किनाऱ्यावर निवारे बांधले, गावातल्या पोरांना प्रशिक्षण दिलं, दर वर्षी सराव घेतले. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

पण वीज आमच्याकडे अकराव्या दिवशी आली. पुरीच्या आसपास काही गावांत त्याहून किती तरी उशिरा. मे महिन्यातलं ओडिशा, पंखा नाही, पंपाला वीज नाही म्हणून पाणी नाही, एटीएम बंद, फोन बंद. नारळ, काजू, पानमळे भुईसपाट. पुरी ते कोणार्क रस्त्यावर सुरूचं बन होतं, बालुखंडचं अभयारण्य. महिन्याभराने तिथून गेलो तर मैलोन्‌मैल नुसते मोडके बुंधे. माणसं वाचवता येतात, झाडं हलवता येत नाहीत.

रापणकर

उत्कलवासी, शेवटचं वाक्य मनाला लागलं. भातही हलवता येत नाही, हेच मला म्हणायचं होतं.

सडेतोड_सातारकर

फनीचं श्रेय मान्य. पण वायूचं काय? जूनमध्ये गुजरातेत लाखो माणसं हलवली, शाळा बंद, गाड्या रद्द. १३ जूनला वेरावळजवळ धडकणार म्हणून आदल्या दिवसापर्यंत सांगत होते आणि ते आलंच नाही. पुढच्या वेळी सांगितलं तर लोक घर सोडतील का?

बडोद्याची_वहिनी

सातारकर भाऊ, माझे दीर वेरावळला मासळीच्या धंद्यात आहेत, म्हणून लिहिते. वायू आलं नाही असं तुम्ही म्हणता, पण ते किनाऱ्याला समांतर गेलं. सोमनाथ-पोरबंदरचा किनारा दोन दिवस झोडपला गेला, लाटा धक्क्यावरून आत. एवढासा कोन बदलला आणि वादळाचा डोळा, म्हणजे मध्य, समुद्रात राहिला. नंतर कमजोर होऊन ते कच्छकडे गेलं. हलवलेल्यांपैकी कोणी "उगाच नेलं" म्हणाल्याचं दिरांनी तरी ऐकलं नाही. १९९८ चं कांडला बंदरावरचं वादळ तिकडच्या लोकांच्या अजून लक्षात आहे. तेव्हा मिठागरातले मजूर गेले, किती गेले ते धड मोजलंही गेलं नाही. लोक विसरत नाहीत, भाऊ.

वेधशाळा_वाचक

सातारकर, एक तांत्रिक मुद्दा. हवामान खातं मार्ग सांगतं तेव्हा नकाशावर एक रेघ असते आणि तिच्याभोवती रुंदावत जाणारा शंकू. वादळाचा मध्य त्या शंकूत कुठेही असू शकतो, असा त्याचा अर्थ. आपल्या वाहिन्या फक्त रेघ दाखवतात. किनाऱ्याकडे तिरकं येणाऱ्या वादळात पन्नास-साठ किलोमीटरचा फरक म्हणजे धडकणं आणि न धडकणं. वायू तसंच तिरकं येत होतं. त्यामुळे माणसं हलवण्याचा निर्णय बरोबर होता, रेघ चुकली तरी.

आता मूळ प्रश्नाकडे. अरबी समुद्रात त्याच वर्षी पाच का? मी या क्षेत्रातला नाही, पण वीस वर्षं हे वाचत आलोय. जमेल तसं मांडतो.

चक्रीवादळाला तीन गोष्टी लागतात. एक, समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर आणि तेही बऱ्यापैकी खोलपर्यंत गरम. दोन, खालच्या आणि वरच्या थरातले वारे फार वेगळ्या वेगाने किंवा दिशेने वाहायला नकोत, नाहीतर उभा राहणारा ढगांचा खांब तिरपा होऊन मोडतो. तीन, हवेत भरपूर ओल. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वादळं सहसा होत नाहीत ती दुसऱ्या कारणामुळे. मान्सूनचा वारा खाली नैऋत्येकडून, वर पूर्वेकडून, त्यामुळे खांब टिकत नाही. म्हणून आपले हंगाम दोन, मान्सूनच्या आधी आणि नंतर.

अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा शांत का, तर मान्सूनचे वारे त्याला चार महिने घुसळतात आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खालचं थंड पाणी वर येतं. शिवाय अरबस्तानातून कोरडी हवा घुसते. उलट उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर तरंगतं, ते पटकन तापतं आणि खालच्या पाण्यात मिसळत नाही. तिकडे प्रशांत महासागरातून उरलीसुरली वादळंही येतात. त्याच वर्षीचं बुलबुल हे त्याचं उदाहरण. मात्मो नावाचं वादळ व्हिएतनाममध्ये संपलं, त्याचे अवशेष अंदमानच्या समुद्रात आले आणि तिथे पुन्हा जीव धरून ९ नोव्हेंबरला सुंदरबनात शिरले. पाबुकही तसंच, ४ जानेवारीला थायलंड ओलांडून आपल्याकडे आलं.

२०१९ मध्ये हे गणित उलटं झालं. हिंदी महासागराचा पश्चिम भाग गरम आणि पूर्वेचा, सुमात्राकडचा, थंड अशी स्थिती कधी कधी येते. तिला धन द्विध्रुव म्हणतात. त्या वर्षीचा द्विध्रुव गेल्या कित्येक दशकांतल्या सर्वांत प्रबळ द्विध्रुवांपैकी एक होता. विषुववृत्तावरचे वारे नेहमीच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागले आणि गरम पाण्याचा थर आफ्रिकेच्या बाजूला ढकलला गेला. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत पूर, ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि वणवे, आपल्याकडे लांबलेला मान्सून आणि अरबी समुद्रात एकामागून एक वादळं. रापणकरांचं भात आणि ऑस्ट्रेलियाचे वणवे यांचं मूळ एका पाण्यात आहे, हे मला तेव्हा नकाशे बघताना कळलं आणि रात्रभर झोप आली नाही.

पण द्विध्रुव येतो-जातो. त्याच्या खाली अरबी समुद्र सावकाश तापतोय, ते जात नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या. २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली, उपसागरात ८ टक्क्यांनी कमी झाली. एकूण वादळं उपसागरात अजूनही जास्तच आहेत, पण पश्चिम किनाऱ्याने आता निर्धास्त राहायचे दिवस गेले.

मस्कतकर

हिका आमच्याकडे आलं होतं. २४ सप्टेंबर, दुक्मजवळ. मस्कतपासून खूप दक्षिणेला, त्यामुळे शहरात काही जाणवलं नाही. पण क्यारच्या वेळी आम्ही सगळे घाबरलो होतो. इथल्या जुन्या मराठी मंडळींनी २००७ चं गोनू अनुभवलंय. तेव्हा वाड्या, म्हणजे इथल्या कोरड्या नद्या, एका रात्रीत भरून वाहिल्या, रस्ते आणि गाड्या वाहून गेल्या, सुमारे पन्नास माणसं गेली. 'गोनूनंतरचं सर्वांत मोठं' हे शब्द ऐकले तशी दुकानांतून पाण्याचे कॅन संपले. दिवाळी होती, फराळ झालेला, आणि आम्ही बाल्कनीतल्या कुंड्या आत घेत होतो.

मग क्यार दक्षिणेकडे वळलं आणि कोरड्या हवेत विरत गेलं. सोमालियाच्या बाजूला जाऊन संपलं. पण समुद्र आत आला. ओमानच्या किनाऱ्यावर, अमिरातीत कल्बा-फुजैराला, पार कराचीच्या कोळीवाड्यांपर्यंत. वारा नाही, पाऊस नाही, ऊन लखलखीत, आणि समुद्र रस्त्यावर. मी ते पहिल्यांदाच पाहिलं. लाटा शेकडो किलोमीटर चालून आलेल्या. तेव्हा रापणकर, तुमच्या न धडकलेल्या वादळाची एक बाजू इकडेही आहे.

रापणकर

मस्कतकर, हे मला माहीतच नव्हतं. एकाच वादळाने आमचं भात भिजवलं आणि कराचीच्या कोळ्यांच्या घरात पाणी घातलं. धन्यवाद.

बागाईतदार_सटाणा

आमच्याकडे लोक 'क्यार' म्हणत नाहीत, 'दिवाळीचा पाऊस' म्हणतात. आणि लगेच 'महा'.

घाटावरच्या लोकांना वाटतं चक्रीवादळ कोकणचं. आमचं सटाणा समुद्रापासून किती तरी आत. पण आमच्याकडे आगाप द्राक्षं घेतात. बाकी नाशिक जिल्हा ऑक्टोबरमध्ये छाटणी करतो, आम्ही जून ते ऑगस्टमध्येच, म्हणजे माल नाताळाच्या आधी परदेशी पोचतो आणि चांगला भाव मिळतो. धोका आम्हीच पत्करतो हे मान्य आहे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी काही बागांत मण्यांत पाणी उतरलेलं, साखर भरत आलेली. पाऊस पडला की मणी पाणी ओढतो आणि तडकतो. एक मणी तडकला की घडाला कूज लागते. ज्यांच्या बागा फुलोऱ्यात होत्या त्यांची गळ झाली, डाऊनी हा बुरशीचा रोग आला. सकाळी फवारावं, दुपारी धुऊन जावं. ट्रॅक्टर चिखलात रुतून बसलेला. मी एका आठवड्यात औषधावर जे घालवलं ते आकडा लिहायला अजून हात धजत नाही.

क्यार गेलं, दोन दिवस उघडलं, वाटलं उरलेलं तरी वाचेल. तेवढ्यात लक्षद्वीपवरून महा. ही दोन वादळं काही दिवस एकाच वेळी अरबी समुद्रात होती, असं याआधी नोंदलेलंच नाही म्हणतात. महा आधी ओमानकडे गेलं, मग मागे फिरून गुजरातकडे आलं. पालघर, ठाणे, नाशिक सगळ्यांना इशारा. ७ नोव्हेंबरला दीवच्या जवळ येता येता समुद्रातच विरलं. पुन्हा टीव्हीवर 'धोका टळला'. पण त्या चार-पाच दिवसांच्या ढगांत आमचं उरलेलं गेलं.

कांद्याचंही सांगतो. खरिपाचा लाल कांदा याच दिवसांत निघतो. तो पाण्यात सडला. डिसेंबरमध्ये शहरात कांदा शंभराच्या वर गेला, इजिप्त-तुर्कस्तानातून मागवावा लागला. तेव्हा शहरातले नातेवाईक फोन करून म्हणायचे, "तुमची तर चांदी आहे." ज्याच्याकडे कांदा उरला त्याची झाली असेल. आमच्या गल्लीत कुणाकडे उरला नव्हता.

सोयाबीनवाला_लातूर

बागाईतदार दादांचं वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली, इतके दिवस डोक्यात होती.

वायूचा विषय वर निघाला. सातारकर म्हणाले आलंच नाही. पण वायू मान्सूनची ओल घेऊन गेलं. केरळात मान्सून ८ जूनला आला होता, आधीच आठवडाभर उशिरा. वायू कोकणाच्या समोरून उत्तरेला गेलं आणि मान्सून जिथे होता तिथेच अडकला. महाराष्ट्रात तळकोकणात तो २० जूनला शिरला, मुंबईला २५ जून. आम्ही मृगाची वाट बघून बघून थकलो. आदल्या वर्षीचा दुष्काळ, जनावरं छावणीत, आणि पेरणी थेट जूनच्या अखेरीस, काहींची जुलैत.

आता हिशेब करा. शंभर दिवसांचं सोयाबीन वेळेवर पेरलं असतं तर सप्टेंबरच्या शेवटी निघून घरात आलं असतं. उशिरा पेरलं म्हणून ऑक्टोबरमध्ये निघालं आणि क्यारच्या पावसात गंजीत सापडलं. माझी गंजी ताडपत्री असूनही खालून भिजली, शेंगांतच दाण्याला कोंब. म्हणजे जूनमध्ये न आलेल्या वादळाने पीक लांबवलं आणि ऑक्टोबरमध्ये न आलेल्या वादळाने ते गाठलं. समुद्रापासून चारशे किलोमीटरवर.

मी अडाणी शेतकरी नाही, लांबलेल्या पेरणीला इतरही कारणं होती हे जाणतो. पण या दोन वादळांना जोडणारा दोरा आमच्या शेतातून गेला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सडेतोड_सातारकर

लातूरकर, हे मी कधी असं बघितलं नव्हतं. वायूबद्दलचा माझा शब्द मागे घेतो. आमच्याकडे ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुराचंच इतकं झालं होतं की बाकी वर्ष नजरेआड झालं.

वेधशाळा_वाचक

लातूरकर, अगदी नेमकं. चक्रीवादळ म्हणजे ओल गोळा करणारं यंत्र. मान्सूनच्या ऐन आगमनाच्या वेळी ते समुद्रात उभं राहिलं तर आसपासचा प्रवाह स्वतःकडे ओढतं. हवामान खात्याच्या त्या दिवसांतल्या निवेदनांतही वायूमुळे प्रगती थांबल्याचा उल्लेख होता.

राहिलं एक पवन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते सोमालियात पोचलं. तिकडे एवढा पाऊस आला की वाळवंटात हिरवळ उगवली आणि आधीच वाढत असलेल्या टोळांना अंडी घालायला ओली जमीन मिळाली. २०२० च्या सुरुवातीला केनिया, इथिओपियात टोळांनी जे केलं त्यात २०१८ च्या वादळांचा मोठा हात होता, पण पवननेही भर घातली.

नावांचा_छंद

थोडं वेगळं. कुणाच्या लक्षात आलंय का, त्या वर्षीची नावं एका रांगेतली आहेत? आपल्या समुद्रातल्या वादळांना नावं द्यायची पहिली यादी आठ देशांची, प्रत्येकी आठ, एकूण ६४. फनी बांगलादेशाचं, वायू भारताचं, हिका मालदीवचं, क्यार म्यानमारचं, महा ओमानचं, बुलबुल पाकिस्तानचं, पवन श्रीलंकेचं. त्या शेवटच्या रांगेत उरलं होतं फक्त थायलंडचं अंफन, ते मे २०२० मध्ये आलं आणि यादी संपली. २००४ साली सुरू झालेली यादी. पाबुक तेवढं बाहेरचं, ते प्रशांत महासागरातून नाव घेऊनच आलं होतं. नव्या यादीत तेरा देश, १६९ नावं, आणि पहिलंच नाव निसर्ग. ते रायगडात आलं.

कोकणची_माहेरवाशीण

रापणकर दादा, बाबांना भरपाई मिळाली का? आमच्याकडे रत्नागिरीत पंचनाम्याला माणूस आला तोवर लोकांनी भिजलेला पेंढा उचलून टाकला होता. आला तो म्हणाला, शेतात काही दिसत नाही तर लिहू काय?

रापणकर

ताई, आमच्याकडेही थोडंफार असंच. त्या वेळी राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी नोव्हेंबरमध्ये खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. आमची जमीन गुंठ्यांत, शिवाय सातबाऱ्यावर सात नावं. हातात आलं ते कापणीच्या मजुरीलाही पुरलं नाही. मच्छीमारांसाठी क्यार आणि महा या नावाने वेगळं पॅकेज पुढच्या वर्षी निघालं, ६५ कोटींचं. वादळाचं नाव सरकारी कागदावर आलं हेच मला तेव्हा मोठं वाटलं, कारण किनाऱ्याला न लागताही नुकसान होतं हे त्यात मान्य झालं.

पण जे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ते इथे लिहून ठेवतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत काढणीनंतरच्या नुकसानीची तरतूद होती. कापून शेतात वाळत ठेवलेलं पीक, कापणीपासून चौदा दिवसांपर्यंत. कारणांमध्ये चक्रीवादळ तर आहेच, 'चक्रीवादळामुळे आलेला पाऊस' आणि अवकाळी पाऊसही स्पष्ट लिहिलेला. म्हणजे नियम करणाऱ्याला वादळ न धडकताही पाऊस पाडतं हे ठाऊक होतं. अट एकच, नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं. आमचे ७२ तास लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीजेत गेले. बाबांनी विमा काढला होता की नाही हेही कुणाला नक्की माहीत नव्हतं. योजनेचे नियम बदलत राहतात, तेव्हा यंदा भरताना चालू वर्षाची अट वाचून घ्या, आणि पीक भिजलं तर आधी फोटो काढा, मग पेंढा उचला.

बागाईतदार_सटाणा

फोटोत तारीख आणि ठिकाण दिसेल असा काढा. मागाहून कुणी मानत नाही.

गोंयकार

रापणकर, शेवटचं विचारतो. कोंब आलेल्या भाताचं काय केलंत? आणि बियाणं?

रापणकर

जेवढं वाचलं ते चुलीच्या उबेला आणि पत्र्याखाली पसरून वाळवलं. उकड्या तांदळासाठी थोडं चाललं, पण काळं पडलेलं, वास येत होता. बाकी गुरांना. पेंढाही कुजलेला, गुरं तोंड लावीनात. त्या उन्हाळ्यात पेंढा विकत घ्यावा लागला, आमच्या घरात पहिल्यांदा.

बियाण्याचं दुःख जास्त. आम्ही वालय लावतो, पेजेचा लाल तांदूळ. आजोबांच्या आधीपासून तेच बी. दर वर्षी चांगल्या कुणग्यातलं भात निवडून मुडी, म्हणजे पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा गठ्ठा, बांधायची आणि माळ्यावर ठेवायची. त्या वर्षी मुडी बांधायला भातच नव्हतं, सगळ्याला कोंब. आई म्हणाली, आता दुकानातलं आणा. बाबा काही बोलले नाहीत. मेमध्ये टाळेबंदी होती, तरी पास काढून ते कुडाळला आत्याकडे गेले. तिच्याकडे आदल्या वर्षीचं वालय कणगीत राहिलं होतं, दोन पायली. जुनं बी, उगवेल की नाही शंकाच होती. जूनमध्ये पेरलं, निम्मं उगवलं. तेवढ्याच रोपांची एका कुणग्यात लावणी केली, बाकीची जमीन त्या वर्षी पड ठेवली.

आता सगळ्या कुणग्यात पुन्हा वालयच आहे. आत्याकडे मात्र यंदा नाही, तिची मुडी आमच्या माळ्यावर बांधून ठेवलीय.